टिपणीस गेज वर्क्समधली जागा

"सही करण्याआधी एक फेरी मारून या," टिपणीस म्हणाले आणि नेमणुकीचा कागद मंजुळाच्या हातात न देता त्यांनी पेपरवेटखाली सरकवला.

मंजुळाला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. आठ ठिकाणी मुलाखती दिल्यावर पहिल्यांदाच कोणीतरी तिच्या नावाचा कागद टाईप करून ठेवला होता, आणि आता तोच माणूस तो तिच्यापासून दूर ठेवत होता.

"कारखाना बघा. माणसांशी बोला. मी बरोबर येत नाही, मी आलो की ती गप्प बसतात." टिपणिसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पन्नाशीचा, नीटनेटक्या शर्टातला माणूस होता तो. शर्टाची कॉलर मात्र उलटवून शिवलेली होती. "बेचाळीस जण होते आमच्याकडे. अकरा राहिलेत. गिरण्या बसल्या तेव्हा आमची निम्मी गिऱ्हाइकं गेली. उरलेल्यांना बाहेरून स्वस्तातले गेज मिळतात. टेलिफोन गेल्या महिन्यात कापला. हे सगळं तुम्हाला बाहेर कोणीतरी सांगणारच, म्हणून मीच सांगतो."

"किती दिवस चालेल, सर?"

"वर्षभर नक्की. कदाचित दोन. त्यापुढचं मला माहीत नाही."

"मग मला कशाला घेताय?"

"आमच्या तपासणीच्या खोलीत एकच माणूस उरलाय, काळुराम. गेल्या वर्षात तीन मुलं दिली त्याच्या हाताखाली. तिन्ही पळाली. तुमचे आयटीआयचे मार्क बघितले, आणि म्हटलं विचारून बघावं." मग जरा थांबून म्हणाले, "शनिवारपर्यंत सांगा. नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही."

ती बाहेर पडली. वागळे इस्टेटमधली बैठी शेड होती ती, सिमेंटच्या पत्र्याची. दारातच तीन लेथ ताडपत्रीखाली झाकून ठेवलेले. पुढे बाकांची लांब रांग, पण माणसं एकाच टोकाला, एकमेकांजवळ सरकून बसलेली. उपाहारगृहाला कुलूप होतं आणि दारावर 'ताटे धुऊन जागेवर ठेवावीत' अशी पाटी अजून तशीच होती. कोणी तिला 'कोण पाहिजे' म्हणून विचारलं नाही.

तपासणीची खोली अगदी मागे होती. तिथे एक काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस टेबलाशी बसून हँडल दाबत होता. हँडल दाबलं की तेलाचा दाब चढायचा आणि समोरच्या दोन गेजांचे काटे सरकायचे. एक गेज खात्रीचा, दुसरा तपासायचा. दोघांचे काटे एका आकड्यावर आले पाहिजेत, एवढंच त्या खोलीतलं काम. वाफेचा, पाण्याचा, हवेचा दाब दाखवणारी ती गोल घड्याळं बॉयलरवर बसायची, पंपांवर बसायची. काटा चुकला तर तिकडे माणूस भाजायचा.

"कोन?" वर न बघता त्याने विचारलं.

"मंजुळा नाखवा. आयटीआय झालेय, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक."

"पयली नोकरी?"

"हो."

"मंग हितं नको." त्याने काचेवर नखाने दोनदा टकटक केली. "ह्या कंपनीचं काय खरं नाय, पोरी. बंद पडली का जिथं जाशील तिथं इचारतील, आदी कुटं व्हतीस. बुडालेल्या कंपनीचं नाव सांगशील? टिपनीस मानूस सोन्यासारखा हाये, पन सोन्यानं कारखाना चालत नाय."

मंजुळा तपासायच्या गेजकडे बघत होती. दाब सोडला तरी त्याचा काटा शून्यावर आला नव्हता.

"हा दोन भाग वरच राहतोय," ती म्हणाली.

"मंग?"

"आतली नळी थकलीय किंवा काटा घासतोय. उघडू?"

 काळुरामने स्क्रू-ड्रायव्हर तिच्याकडे सरकवला. तिने काच काढली, काट्याखालून कागदाची पट्टी सरकवली. अर्ध्यावर पट्टी अडली.

"घासतोय. डायलला उंचवटा आलाय इथे."

आता काळुरामने तिच्याकडे बघितलं. जरा मान वाकडी करून, कोपऱ्यातून बघावं तसं. "मानूस तयार कराया मला दोन वर्सं लागत्यात," तो म्हणाला. "कंपनी तेवढी जगनार नाय."

"मग वर्षात शिकवा."

"घरी इचार पयला," काळुराम म्हणाला, आणि पुन्हा हँडलवर हात ठेवला.

घरी विचारण्यासारखं काही नव्हतं, घरच्यांनी आधीच ठरवलं होतं. चेंदणी कोळीवाड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत महिपतमामा येऊन बसला होता. मंजुळाच्या आईचा, मनुबाईचा, हा धाकटा भाऊ. एका मोठ्या औषध कंपनीत तो पंधरा वर्षं होता, युनियनमध्ये होता, आणि त्याच्या शब्दाला तिथे वजन होतं. भाचीसाठी त्याने ते वजन खर्च केलं होतं.

"पॅकिंगला जागा झालीय," त्याने मंजुळा चपला काढते न काढते तोच सांगितलं. "उद्या माझ्यासोबत यायचं, फॉर्म भरायचा, सोमवारपासून चालू. सहा महिन्यांनी पर्मनंट. कंपनीची बस आहे, कॅन्टीन आहे, दवाखाना आहे. बस, अजून काय पाहिजे?"

"मामा, मला आज वागळे इस्टेटला जागा मिळालीय. माझ्या ट्रेडमध्ये."

"कुठे?"

तिने नाव सांगितलं. महिपत हसला नाही, उलट गंभीर झाला. "टिपणीस? अगं ती चाललीय बंद व्हायला. त्यांचे दोन फिटर आमच्याकडे आलेत. बुडत्या बोटीत चढतेस तू?"

मनुबाई चुलीशी बोंबील भाजत होती. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून माल आणून दिवसभर बाजारात बसायचं, आणि घरी येऊन पुन्हा चूल. वीस वर्षं तिचं हेच चाललं होतं. तिने मान वळवली. "पोरी, मामा तुजा वैरी हाय का? पंख्याखाली बसून काम. मना असा काम गावला असता तर मी टोपली उचलली असती का?"

 आईचं खरंच होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर आयटीआयची दोन वर्षं होती. बावीस मुलांत ती एकटी. पहिल्या दिवशी सरांनी तिला हजेरीपट लिहायला दिला होता, दुसऱ्या दिवशी खडू आणायला पाठवलं होतं. तिसऱ्या दिवशी तिने न विचारताच व्हाइसला लोखंड लावलं आणि कानस हातात घेतली. परीक्षेत ती दुसरी आली. मग मुलाखती. कोणी म्हणालं, मुली रात्रपाळी करू शकत नाहीत. कोणी विचारलं, टायपिंग येतं का. एका ठिकाणी साहेबांनी अगदी मनापासून वाईट वाटून सांगितलं होतं की आमच्याकडे बायकांसाठी वेगळा संडास नाही. वर्गात सगळ्यात मागे राहिलेल्या मुलालाही तोवर नोकरी लागली होती.

"उद्या बघून तर येईन," ती म्हणाली. महिपतला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला फाटकातून आत नेलं. मंजुळाला कबूल करावंच लागलं, जागा चांगली होती. रस्त्याच्या दुतर्फा गुलमोहर. आतली फरशी इतकी स्वच्छ की तिला आपल्या चपलांची लाज वाटली. पॅकिंगच्या हॉलमध्ये पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका लांब पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बसून गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरत होत्या. हात चालू आणि गप्पाही चालू. त्यात कोळीवाड्यातली शेवंती होती, मंजुळाच्या मागच्या गल्लीतली. ती उठून जवळ आली.

"ये गं, डोळे मिटून ये," शेवंती म्हणाली. "मी पाच वर्षं आहे. माझ्या पोराचं ऑपरेशन इथल्या दवाखान्याच्या जिवावर झालं. कंटाळा येतो, नाही असं नाही. पण घरी काय नाचायला मिळतं?"

मग भरतीच्या खोलीत एका सभ्य, मवाळ आवाजाच्या अधिकाऱ्याने तिचा फॉर्म वाचला. वाचता वाचता त्याचं बोट एका ओळीवर थांबलं.

"हे आयटीआयचं कशाला लिहिलंत?"

"शिकलेय म्हणून."

"ते लिहू नका. दहावी पास पुरे आहे. उगाच उद्या कोणी म्हणेल, टेक्निशियनची ग्रेड द्या. महिपत, तुमच्याच युनियनवाले म्हणतील." दोघेही हसले. "दुसरा फॉर्म देतो. सर्टिफिकेट काही कुठे जात नाही, घरी ठेवा."

"तुमच्याकडे इन्स्ट्रुमेंट विभाग आहे ना, सर?"

"आहे की."

"तिथे जागा?"

"आहे एक. पण तिथे मुलं आहेत," अधिकारी म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, कुचेष्टाही नव्हती. कोरा फॉर्म त्याने तिच्यासमोर ठेवला आणि पेन उघडून दिलं.

मंजुळाने नाव लिहिलं. पत्ता लिहिला. 'शिक्षण' या शब्दापुढे आल्यावर पेन टेकवलं आणि तसंच धरून राहिली. महिपतने खाकरून बघितलं.

"लिही ना."

तिने पेनाला टोपण लावलं. "सर, मी घरी जाऊन लिहिते. सोमवारी सकाळपर्यंत चालेल ना?"

 परतताना महिपत नितीन कंपनीच्या नाक्यावर एकदम थांबला. "चार माणसांचे पाय धरलेत मी तुझ्यासाठी. एक ओळ लिहायची नाही, एवढंच सांगितलं ना तुला? लिहायचं काय, पुसायचंही नव्हतं."

"पुसायचंच होतं, मामा," मंजुळा म्हणाली. "नवीन फॉर्म दिला म्हणून ते दिसलं नाही."

त्या संध्याकाळी घरात मोठ्याने भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मंजुळाला वाटलं. मनुबाई ताट वाढताना म्हणाली, "कागद घरात ठेवला का त्याला उंदीर खातो का? लिवला नाय म्हून तुजा शिकना जातंय का?" आणि मग रडली. आई बाजारात कोणाचंही ऐकून घेत नसे, सहसा रडत नसे.

गोमाजी उंबऱ्यात बसला होता. मंजुळाचा बाप. माजिवड्याला नव्या इमारतींचं काम चालू होतं, तिथे तो राखणदार होता. त्याआधीची पंचवीस वर्षं तो खाडीत होता. कारखान्यांच्या पाण्याने खाडीतली मासळी मेली, जाळ्याला काळा चिखल यायला लागला, तशी त्याने होडी विकली. तेव्हापासून तो घरात फार बोलत नसे. नोकरीच्या या सगळ्या गोष्टीत त्याला कोणी विचारलंही नव्हतं.

"बाबा, तू सांग," मंजुळा म्हणाली.

"मी कय सांगू? मना कंपनीतला कय कलतं?"

"मामा म्हणतो, बुडती बोट आहे."

गोमाजीने तोंडातली तंबाखू थुंकली आणि सावकाश म्हणाला, "माझी होरी चांगली व्हती. सागाची. एक थेंब पानी आत येत नव्हता. पन खारीच गेली." तो जरा वेळ गल्लीत बघत राहिला. "कुठची बोट बुरनार ते महिपतला कसा ठाव? तुना जो काम येतंय तो कर. होरी गेली तरी पोवाला येतंय मना, तो कोनी नेला नाय."

"शिकवा पोरीला अजून," आतून मनुबाई म्हणाली.

शनिवारी सकाळी मंजुळा निघाली तेव्हा आईने तिला डबा दिला नाही. ती वागळे इस्टेटला पोचली तर टिपणीस स्वतः कारखान्याचं शटर वर करत होते.

"मी येतेय," ती म्हणाली. "पण कागदात बदल करून द्या."

"पगारात मी काही—"

"पगाराचं नाही. त्या दिवशी पेपरवेटखाली दिसलं, कागदावर तुम्ही 'मदतनीस' लिहिलंय. ते 'इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक' करा. बाकी मुलांना तुम्ही काय लिहून दिलं होतं?"

टिपणिसांनी कागद काढला, वाचला, आणि त्यांचा चेहरा पडला. "मेकॅनिकच," ते म्हणाले. "तुमच्या वेळी मदतनीस कसं लिहिलं गेलं, मला खरंच सांगता येणार नाही."

"आणि बायकांसाठी संडास?"

"नाहीये," टिपणीस म्हणाले. मग लगेच, "साहेब लोकांचा आहे. साहेब आता मी एकटाच. त्याची किल्ली तुम्ही घ्या."

टायपिस्ट नव्हताच. टिपणिसांनी दोन बोटांनी कागद पुन्हा टाईप केला. मंजुळाने सही केली. तपासणीच्या खोलीत ती गेली तेव्हा काळुराम नुसता म्हणाला, "आलीस? दार लाव, वाऱ्यानं काटा हलतोय."

ते १९८६ साल होतं. महिपतमामा दोन वर्षं त्यांच्या घरी आला नाही. पॅकिंगची ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली आणि ती मुलगी सहा महिन्यांत पर्मनंट झाली, हे मनुबाईने लेकीला न चुकता सांगितलं. मंजुळाचा पगार कधी वेळेवर झाला, कधी नाही. 'पस्तावलीस का' असं विचारणारे भेटायचे. कधीकधी, रविवारी शेवंतीची पोरं नव्या कपड्यांत दिसली की तिच्याही मनात यायचं. पण सोमवारी ती शटर उघडायच्या आधी हजर असायची.

काळुरामने खरंच वर्षात शिकवलं. तो खडवलीहून लोकलने यायचा, घरून निघताना अंधार असायचा. शिकवताना तो शब्द फार वापरत नसे. तिच्या हातावर हात ठेवून हँडल दाबायचा आणि दाब चढताना तेल कसं जड होतं ते हाताला कळू द्यायचा. चुकलं की 'परत' एवढंच म्हणायचा. एकदा त्याने तिच्याकडून एकच गेज एकवीस वेळा 'परत' करून घेतला. बाविसाव्या वेळी ती चिडून म्हणाली, "मिस्त्री, हा बरोबर आहे. तुम्हाला पटत नसेल तर तुम्ही बघा." काळुराम म्हणाला, "हां. हे तू पयल्या डावाला म्हनायला पायजे व्हतं."

दुसऱ्या वर्षी तिच्या ध्यानात आलं की काळुराम गेज बघताना मान वाकडी करतो ती सवय म्हणून नाही. त्याला समोरचं दिसत नव्हतं. कोपऱ्यातून दिसायचं तेवढंच, आणि तेही कमी होत चाललं होतं. तिने कोणाला सांगितलं नाही. त्यानेही नाही. ती आकडा वाचायची, तो वहीत लिहायचा; मग ती वाचायची आणि तीच लिहायची; आणि कागदावर सही मात्र त्याची असायची.

अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्याआधी कंपनीला बऱ्याच दिवसांनी मोठी ऑर्डर मिळाली. एका पाण्याच्या योजनेसाठी साठ गेज. माल घ्यायला गिऱ्हाइकाकडून तपासणीस आला. तरुण होता, घाईत होता. गेज रांगेत मांडून ठेवले होते, प्रत्येकाबरोबर त्याचा तपासणीचा कागद. वरचे चार-पाच कागद चाळून तो थांबला.

"एम. नाखवा कोण?"

त्या खेपेला काळुराम आठवडाभर आजारी होता, म्हणून सह्या मंजुळाच्या होत्या. ती पुढे झाली. तपासणिसाने तिच्याकडे बघितलं, मग टिपणिसांकडे.

"साहेब, हे चालणार नाही. तुमचे सीनियर मिस्त्री आहेत ना? त्यांच्या सह्या घ्या साठांवर, मी थांबतो अर्धा तास."

 ती ऑर्डर गेली असती तर दिवाळीही दिसली नसती, हे सगळ्यांना माहीत होतं. टिपणीस काळुरामकडे वळले. "काळुराम, करून टाक."

काळुराम स्टुलावर बसला होता. तो उठला नाही.

"माझी सही खोटी पडंल," तो म्हणाला. "मला काटा दिसत नाय, साहेब. वर्स झालं. डोळ्याचा पडदा खराब झालाय. जे तपासलंय ते हिनं तपासलंय, सही हिचीच बरोबर हाये."

 टिपणिसांनी हात टेबलावर टेकवला. तीस वर्षं बरोबर काम केलेल्या माणसाचे डोळे गेले आणि आपल्याला कळलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. एका परक्या माणसासमोर काळुरामने आपली नोकरी टेबलावर काढून ठेवली होती.

 मंजुळाला भीतीपेक्षा राग जास्त आला होता. "सर," ती तपासणिसाला म्हणाली, "साठांतले कुठलेही दहा काढा. तुमच्यासमोर तपासते. एकही चुकला तर सगळे नाकारा."

त्याने दहा काढले, मुद्दाम मागच्या रांगेतून. मंजुळाने पहिला गेज चढवला. दाब वर नेला, खाली आणला, प्रत्येक आकड्यावर थांबून मोठ्याने वाचलं. तपासणीस आधी उभा होता, मग त्याने स्टूल ओढलं. तीन, चार, पाच. सातव्या गेजला ती थांबली. दाब सोडून तिने तो पुन्हा चढवला.

"काय झालं? बरोबर तर आहे," तपासणीस म्हणाला. तो दोन्ही काटे एकाच आकड्यावर बघत होता.

"वर जाताना बरोबर आहे. खाली येताना अर्धा भाग मागे राहतोय. परवा राहत नव्हता." तिने गेज काढला आणि बाजूला ठेवला. "हा नको. मी याचा कागद फाडते. उद्या करून देते."

टिपणिसांनी डोळे मिटून घेतले. तिनेच घातलेली अट तिच्यावरच उलटली होती. सगळे नाकारा, असं तीच म्हणाली होती.

तपासणिसाने बाजूचा गेज उचलून बघितला, पुन्हा ठेवला. "अर्धा भाग तर नियमात बसतो," तो म्हणाला.

"नियमात बसतो. पण पंधरा दिवसांत एक भाग होईल, मग बसणार नाही."

त्याने उरलेले तीन तपासायला लावले नाहीत. खिशातून पेन काढलं आणि आपल्या कागदावर एकोणसाठ लिहून सही केली. निघताना टिपणिसांना म्हणाला, "साठावा त्यांच्याच सहीने पाठवा."

तो गेल्यावर टिपणीस काळुरामजवळ आले. म्हणाले, "तू येत जा. हाताला तर कळतं ना?"

"हाताला कळतं," काळुराम म्हणाला.

त्या दिवशी मंजुळाने घरी सगळं सांगितलं. मनुबाई मासे निवडत ऐकत होती. "आनि तू आपलाच गेज खोटा काडलास?" तिने विचारलं. मंजुळा 'हो' म्हणाली.  दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरून ठेवलेला होता, आणि त्यात माशाच्या चार तुकड्या होत्या. एक मिस्त्रीला द्यायची, असं तिने बजावलं.

साठ गेजांनी कंपनी वाचली नाही. एवढ्याने कंपन्या वाचत नाहीत. अकराचे सात झाले, सातांचे पाच. टिपणिसांनी सांगितलेली दोन वर्षं संपून वर दीड वर्ष झालं, आणि नव्वदच्या जानेवारीत त्यांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून जागा विकल्याचं सांगितलं. आपल्याला तोंडी सांगता येणार नाही, म्हणून त्यांनी ते कागदावर लिहून आणलं होतं.

मंजुळाने तोवर तीन अर्ज केले होते. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्याने तिला बोलावलं. मुलाखतीत म्हाताऱ्या इंजिनिअरने विचारलं, "कंपनी बंद पडतेय हे दिसत असताना तुम्ही आधीच का सोडली नाही?" ती म्हणाली, "माझं शिकून झालं नव्हतं." मग त्याने तिच्यापुढे एक बिघडलेला गेज ठेवला आणि बाकीचे प्रश्न विचारायचं सोडून दिलं. एक फेब्रुवारीपासून ती तिथे हजर होणार होती. इन्स्ट्रुमेंट विभागातली पहिलीच बाई.

शेवटच्या दिवशी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. त्याने सोबत आपला मोठा वजनकाटा आणला होता. लेथचे सुटे भाग, बाकांची लोखंडी चौकट, रॅक, सगळं तोलून टेम्पोत जात होतं. टिपणीस केबिनमधून बाहेर आले नाहीत. मग भंगारवाल्याच्या माणसांनी तपासणीच्या खोलीतून पोलादी चकत्यांचा संच उचलून आणला. खात्रीचा गेजसुद्धा ज्यांच्यावर तपासला जायचा त्या या चकत्या, प्रत्येकीवर तिचं वजन कोरलेलं. त्यांना काळुराम पहिलं वर्षभर मंजुळाला बोट लावू देत नसे, बोटाच्या घामानेही त्यांना फरक पडतो म्हणायचा. त्या माणसांनी त्या काट्यावर एकावर एक टाकल्या.

"साडेबावीस किलो," भंगारवाला म्हणाला.

"पंचवीस," मंजुळा म्हणाली.

"बाई, काटा बघा ना."

"काटा बघूनच सांगतेय. प्रत्येकीवर कोरलंय, बेरीज करा. चकत्या खऱ्या आहेत, तुमचा काटा खोटा आहे."

"भंगारात एवढं कोण बघतं?"

"मी बघते. ते माझं काम आहे." ती टेम्पोच्या फाळक्यासमोर जाऊन उभी राहिली. "सकाळपासून तोललंय ते सगळं खाली काढा. काटा या चकत्यांवर बरोबर करून घ्या आणि परत तोला."

भंगारवाला केबिनकडे बघत राहिला, कोणीतरी साहेब येऊन या बाईला गप्प करील म्हणून. कोणी आलं नाही. काळुराम भिंतीशी उकिडवा बसला होता, तो म्हणाला, "परत."

सगळं परत तोलायला दुपार उलटली. माणसं कुरकुरली, शिव्या देत राहिली. मंजुळा दर खेपेला काट्यापुढे वाकून आकडा वाचत होती आणि टिपणिसांच्या वहीत लिहीत होती. चकत्या शेवटी गेल्या. त्या टेम्पोत ठेवण्याआधी तिने त्या कोरड्या फडक्याने एकेक पुसल्या, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग तिने रॉकेलने हात धुतले, साबणाने पुन्हा धुतले, वही टिपणिसांच्या टेबलावर ठेवली. "येते, सर," ती म्हणाली. टिपणीस उठून उभे राहिले. नमस्कार करावा की हात पुढे करावा हे त्यांना ठरवता आलं नाही. ते तसेच उभे राहिले.

रस्त्यावर ऊन उतरलं होतं. काळुराम बसथांब्याच्या खांबाला धरून उभा होता.  लांबून एक बस आली, काळुरामने आवाजावरून पाऊल पुढे टाकलं.

मंजुळाने पाटी वाचली आणि त्याच्या दंडाला हात लावला. "ही स्टेशनची नाही, मिस्त्री."

"बरं," काळुराम म्हणाला, आणि दोघं थांबले.